निळीचा दीड इंच

भोंगेवाल्याने छाती भरून श्वास घेतला आणि त्याच्या कोटाचं मधलं बटण सुटून समोरच्या आरशावर आपटलं.

भोंगेवाला म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं वाद्य वाजवणारा माणूस, आणि अंगानेही वाद्याला शोभेल असाच. बिचारा ओशाळला. "मी जरा जास्तच घेतला का हो श्वास?" असं त्याने टेलरिंगच्या दुकानातल्या वहिनींना विचारलं. आता यावर माणसाने बोलावं काय, कपाळ! वहिनींनी मुकाट्याने खाली वाकून बटण उचललं आणि गळ्यातला टेप उगाचच सारखा केला.

ट्रायलला पाच जणांना बोलावलं होतं आणि पाचही जण आरशासमोर बांधून ठेवल्यासारखे उभे होते. क्लॅरिनेटवाल्याला हात वर करता येईना. ट्रम्पेटवाल्याचं तोंड न वाजवताच लालबुंद झालं होतं. ढोलवाल्याचा श्वासाशी काही संबंध नाही म्हणावं, तर तोही काखेत बोट घालून नाही-नाही अशी मान हलवत होता.

बँडमास्तर सभ्य माणूस. त्यांनी आधी चष्मा पुसला. "वहिनी, वाजवायला छाती लागते हो," ते म्हणाले. "चोवीस माणसं शुक्रवारी संध्याकाळी मंचावर चढणार. आज मंगळवार. शुक्रवारी सकाळी कोट मिळाले तर ठीक, नाहीतर आम्ही नुसत्या शर्टावर वाजवू. आणि कोणी विचारलंच, तर कोट कुठे शिवायला टाकले होते ते सांगू."

सासऱ्यांपासून चालत आलेलं दुकान होतं, आणि असं बोलून आजवर त्या दुकानातून कोणी बाहेर पडलेलं नव्हतं. मंडळी गेली. दुपार टळून गेली होती, तरी दादांनी बाहेर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी अडकवली, दार लोटलं आणि मधल्या खोलीत येऊन कापायच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभे राहिले. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. दुकानातली कात्री त्यांची, कमी बोलणंही त्यांचंच.

"काढून टाक," ते म्हणाले.

"काय काढू?" चिमीने विचारलं.

"ते नवीन. आत्ताच्या आत्ता. आणि निळी लाव."

चिमी त्यांची लेक. वय सत्तावीस, बापापेक्षा चार बोटं उंच, शिवणकामाचं रीतसर शिक्षण घेतलेली. पण घरात नाव चिमीच. गेल्या महिन्यात तिने मापांचं नवीन सॉफ्टवेअर दुकानात बसवलं तेव्हा दुकानात जवळजवळ निवडणूकच झाली होती. दादा विरोधात. ताई, म्हणजे दादांच्या पाठची बहीण, मागच्या खोलीत शिलाई सांभाळणारी, ती चिमीच्या बाजूने. कारण नव्यात अक्षरं मोठी दिसतात. वहिनी तळ्यात-मळ्यात. आणि भाऊ, सगळ्यात धाकटे, लग्न न केलेले, ते काही न बोलता उठून चहा करायला गेले होते. त्यांनी बोलावं तरी काय? निळी त्यांनीच तर लिहिलेली!

बावीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्यावर भाऊंनी सहा महिने मागच्या खोलीत बसून तो प्रोग्राम तयार केला होता. वहिनींनी गिऱ्हाइकाचं अंगाचं माप सांगायचं, भाऊंनी ते निळ्या पडद्यावर टाइप करायचं, आणि निळीने कापायच्या मापांची चिठ्ठी छापून द्यायची: पाठ एवढी, पुढा एवढा, बाही एवढी. छापताना ती अशी कर्कश किरकिरायची की गिऱ्हाइकं दचकायची. तिला उजव्या बाजूने थापट मारल्याशिवाय जाग यायची नाही. एका ठराविक सालापुढचं साल तिला पटतच नव्हतं, म्हणून भाऊ रोज सकाळी तिला जुनी तारीख सांगून फसवायचे. बिघडली तर दुरुस्त करणारा जगात एकच माणूस, आणि तो याच घरात जेवायचा.

"बाबा, नवीन सॉफ्टवेअर चुकलेलं नाही," चिमी म्हणाली. "मी चोवीसच्या चोवीस चिठ्ठ्या हाताने आकडेमोड करून तपासल्यात."

"मग कोट काय आपोआप आवळले? धुतले कोणी गरम पाण्यात?"

"ते मला कळत नाहीये."

"कळत नाही ना? मग झालं तर. बावीस वर्षांत एक कोट आवळला नाही या दुकानात. महिन्याभरात चोवीस!"

"मला तर पहिल्यापासूनच शंका होती बाई," ताई म्हणाल्या.

चिमीने वळून पाहिलं. "आत्या! तूच म्हणालीस ना, जुनं डबडं फेकून द्या म्हणून?"

"अक्षरांपुरतं म्हणाले होते."

घ्या! पक्ष बदलायला या बाईला सुईत दोरा ओवण्याएवढाही वेळ लागला नाही. वहिनींना एरवी हसू आलं असतं. पण आज त्यांनी मान खाली घातली, आणि त्याला कारणही तसंच होतं. कोट का आवळले हे त्यांना ठाऊक होतं. निदान अर्ध्या इंचापुरतं तरी नक्की ठाऊक होतं.

झालं होतं असं. निळी आली त्या पहिल्याच महिन्यात कोट छातीला ढगळ व्हायला लागले. वहिनींनी दोनदा-तीनदा माप घेऊन पाहिलं, माप बरोबर. म्हणजे चूक निळीत. पण भाऊजी तेव्हा नुकते कुठे मान वर करून चालायला लागले होते. दोनदा परीक्षेत नापास झालेले, एक नोकरी सुटलेली, आणि आता कुठे या पोराच्या हातून काहीतरी उभं राहिलेलं. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की बाबा रे, तुझं गणित चुकलंय? वहिनींनी सांगितलंच नाही. छातीचं माप सांगताना त्या अर्धा इंच कमी सांगायला लागल्या. दोन-तीन कोट गेले आणि सगळं बरोबर बसायला लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पुढे ती इतकी सवय झाली, की आपण कमी सांगतो हेही त्या विसरून गेल्या होत्या. नव्यालाही त्यांनी तस्साच कमी आकडा सांगितला होता.

पण कोट आवळले होते दीड इंच. मग उरलेला एक इंच गेला कुठे? त्या हिशोबात वहिनींचं डोकं फिरायची वेळ आली होती.

"ठीक आहे," चिमी म्हणाली. आवाज शांत होता, आणि वहिनींना तोच शांतपणा नको होता. लेक भांडली की त्यांना बरं वाटायचं. "काढते मी. आपलं ठरलंच होतं. नवीन जमलं तर मी इथे राहणार, नाही जमलं तर त्या कपड्यांच्या कारखान्यात जाणार. त्यांना आज पाचपर्यंत कळवायचंय. हो म्हणून कळवते."

"कळव," दादा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोर सायकलीच्या दुकानाची मागची भिंत होती. आपल्या माणसाला रडू आवरायचं असलं की तो भिंतीकडे बघतो, हे वहिनींना तीस वर्षांच्या संसारात चांगलं समजलं होतं.

तेवढ्यात भाऊंनी कोपऱ्यातल्या निळीवरचं कापडी आच्छादन काढलं, नीट घडी घातली आणि उजव्या बाजूने थापट मारली. पडदा थरथरून निळा झाला. भाऊंच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला, आणि त्या चेहऱ्यावर चोरून का होईना, आनंद होता. महिनाभर घरात पाहुण्यासारखे वावरत होते ते.

आता बोलले तर हा मोडणार, वहिनींच्या मनात आलं. आणि नाही बोलले तर ती जाणार. देवा, दुसऱ्या कोणाला तरी बुद्धी दे आधी बोलायची! पण देवाने काही ते मनावर घेतलं नाही. चिमी टेबलावरची आपली वही पिशवीत टाकायला लागली.

"थांब!" वहिनी एवढ्या जोरात ओरडल्या, की ताईंच्या हातातला टाचण्यांचा डबा खाली पडला. "चूक माझी आहे. मी छातीचं माप अर्धा इंच कमी सांगते."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"कधीपासून?" दादांनी विचारलं.

"बावीस वर्षं."

"आई!" चिमी किंचाळली.

"अगं, निळी जास्त धरायची!" आता सुटलीच होती जीभ, तर वहिनींनी ती आवरली नाही. "भाऊजी, रागावू नका. तुमच्या गणितात कुठेतरी जास्तीचं पडत होतं. पोराचं मन मोडेल म्हणून मी गप्प बसले आणि आपलं अर्धा इंच कमी सांगत गेले. नवं बरोबर मोजतं, आणि माझी खोड तीच. लेकीचा काही दोष नाही हो यात. हवं तर मला बोला."

भाऊ निळीच्या पडद्याकडेच बघत राहिले. पण दादांचा चेहरा भलताच झाला होता. त्यांनी खडू उचलला, ठेवला, परत उचलला.

"अर्धाच?" त्यांनी विचारलं.

"अर्धाच म्हणजे?"

"कोट दीड इंच आवळलेत म्हणून विचारतोय."

"तेच तर मला कळत नाहीये!"

दादा खाकरले. "मी खडूच्या रेघेच्या आतून कापतो," ते म्हणाले. "अर्धा इंच."

वहिनींनी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला.

"मला वाटायचं, तुझा हात सैल आहे," दादा बायकोला म्हणाले. "टेप ढिला धरतेस. म्हटलं, बोललो तर जेवणावर रुसशील. त्यापेक्षा आतून कापलेलं बरं."

"माझा हात सैल?" वहिनी आपली चूक क्षणात विसरल्या. "तीस वर्षं माझ्या हातचं माप घेऊन लोक लग्नाला उभे राहिले, आणि माझा हात सैल?"

"तुझा नव्हता ना पण! हिचा होता!" दादांनी निळीकडे बोट केलं, मग भाऊंकडे बघून बोट खाली घेतलं.

चिमी स्टुलावर बसली. पिशवी अजून हातातच होती. "म्हणजे एक इंच झाला," ती सावकाश म्हणाली. "आत्या."

ताई टेबलाखाली वाकून टाचण्या गोळा करत होत्या. एरवी खाली पडलेली टाचणी उचलायला त्या दुसऱ्याला हाक मारायच्या. आज मात्र एकेक टाचणी निवडून, पुसून डब्यात टाकणं चाललं होतं.

"आत्या, वर ये."

"माझे गुडघे दुखताहेत."

"म्हणूनच म्हणते, वर ये."

ताई वर आल्या. केस विस्कटलेले, पण ताठा कायम. "मी बाजूची शिलाई अर्धा इंच आतून घेते," त्या म्हणाल्या. "आणि त्यात मला काडीची लाज नाही. दादाची नजर कमी झाली असं वाटायचं मला. चष्मा लाव म्हणून सांगायला गेलं, की अंगावर येतो. मग काय करणार? बाहेर जाऊन ओरडू, की आमच्या टेलरमास्तरांना दिसत नाही?"

"मला दिसत नाही?" दादा म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी मी चाळिशीचासुद्धा नव्हतो!"

"मग लवकर कमी झाली असेल असं वाटलं."

आणि मग जो गोंधळ झाला तो काही विचारू नका. वहिनी नवऱ्याशी भांडायला लागल्या, दादा बहिणीशी, आणि ताई दोघांशी. हात, नजर, गुडघे, चष्मा. कोणी काही शिल्लक ठेवलं नाही. मध्येच ताईंनी तोडगा काढला, की नव्यातही दीड इंचाची चूक घालून टाका आणि मोकळे व्हा. त्यावर चिमी "मी त्या कंपनीला फोन करून काय सांगू, की आम्हाला चुकणारं पाठवा?" म्हणून ओरडली. भांडता भांडता वहिनींच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्याच्यासाठी हे सगळं झाकलं होतं, तो माणूस केव्हापासून चकार शब्द बोललेला नव्हता.

"भाऊजी," त्या त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "भाऊजी, असं मनाला लावून घेऊ नका हो. पोरवयातलं काम ते. थोडं इकडे-तिकडे व्हायचंच."

भाऊंनी खुर्ची वळवली. रडतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या तोंडावर चोरी पकडलेल्या मुलासारखा भाव होता.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"दीड इंचाचं. तिसऱ्या महिन्यातच सापडलं होतं मला. एक आकडा दोनदा मिळवला जात होता. मी दुरुस्तही केलं होतं, कोणाला न सांगता. मग पंधरा दिवसांत चार कोट आवळले. ते जाडे वकील आठवतात? भर न्यायालयात ज्यांचं बटण तुटलं?"

"आठवतात की!" ताई म्हणाल्या. "आम्ही म्हटलं, जेवण वाढलं असेल."

"वाढलं नव्हतं. मी मोजून-मोजून शोधलं, तेव्हा लक्षात आलं, की तुमच्यापैकी कोणीतरी मागून दुरुस्ती करतंय. कोण ते कळेना. तिघंही असाल असं स्वप्नातसुद्धा आलं नाही. मग..." भाऊंनी घसा साफ केला. "मग मी चूक परत आत घातली."

चिमीच्या हातातली पिशवी खाली पडली. "काका, तुम्ही मुद्दाम चूक परत घातलीत?"

"घातली. दुसऱ्या दिवसापासून कोट बरोबर व्हायला लागले."

"पण का? सांगायचं होतंत ना!"

"कसं सांगू?" भाऊ आता दादांकडे बघत नव्हते, पण बोलणं सगळं त्यांच्याशीच होतं. "निळीची पहिली चिठ्ठी हातात घेऊन दादा म्हणाला होता, 'भाऊने केलंय, आता तपासायची गरज नाही.' बँडमास्तरांच्या वडिलांसमोर म्हणाला होता. लहानपणापासून माझी प्रत्येक गोष्ट तपासली जायची. गृहपाठ, केसांचा भांग, बुटाच्या नाड्या. पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं, तपासायची गरज नाही. मला ते घालवायचं नव्हतं. बस." त्यांनी निळीच्या कडेवरून बोट फिरवलं. "आता कळलं ना, की हा रोज तपासतच होता. आतून कापत होता. म्हणजे ते बोलणंही खोटंच होतं म्हणायचं."

वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता हे दोघे भाऊ जन्मभर एकमेकांशी बोलायचे नाहीत, असंच त्यांना वाटलं. आणि आपणच तोंड उघडून हे केलं. कोणी सुचवली होती ही शहाणपणाची गोष्ट!

दादा टेबलाला वळसा घालून आले. थेट भावासमोर उभे राहिले.

"मूर्खा," ते म्हणाले, "खडूच्या रेघेवरून कापणं सोपं असतं. डोळे मिटून कापता येतं. आतून कापायचं म्हणजे प्रत्येक वेळी नजर ठेवावी लागते, कात्री अडखळते, मनगट भरून येतं. बावीस वर्षं रोज कापलं मी, तुला कळू नये म्हणून. मला तुझी किंमत नसती, तर पहिल्याच दिवशी ते डबडं उचलून रस्त्यावर ठेवलं असतं. एवढे कष्ट कोण घेतं रे कोणासाठी?"

भाऊंनी खिशातून रुमाल काढून खूप मोठ्याने नाक शिंकरलं. दादांनी पुन्हा एकदा सायकलीच्या दुकानाच्या भिंतीकडे पाहून घेतलं.

मग भाऊ उठले. निळीमागे हात घालून त्यांनी स्वतःच बटण बंद केलं. पडदा मध्यभागी आकसत आकसत ठिपक्याएवढा झाला आणि विझला.

"चिमे, नव्यात चूक घालू नकोस," ते म्हणाले. "ताई काहीही सांगू दे. मी एकदा घातली, तर बावीस वर्षं पाठ सोडली नाही. हात बदलतील यांचे. वेळ लागेल, पण बदलतील. आणि मलाही दाखव ते कसं चालतं. अक्षरं खरंच मोठी आहेत का त्यात?"

"आहेत," चिमी म्हणाली. तिने खाली पडलेली पिशवी उचलली.

ताईंनी एव्हाना एक कोट उलटा केला होता. "आत माया भरपूर ठेवलीय मी," कडेला शिलाईत सोडलेलं जादा कापड दाखवत त्या म्हणाल्या. "दीड इंच आरामात सुटेल. चोवीस कोट, दोन्ही बाजूंनी उसवायचे. बसा सगळे."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. वहिनींचं लक्ष कोटाकडे नव्हतंच. चिमीने पिशवीतून फोन काढला होता आणि ती तो हातात धरून उभी होती. वहिनींना वाटलं, विचारू नये. आज एकदा बोलून झालंय, आता गप्प बसावं. पण गप्प बसून काय होतं, ते तर आत्ताच समोर दिसलं होतं.

"चिमे," त्या म्हणाल्या, "तू जाऊ नकोस. मला तू इथे हवी आहेस. दुकानासाठी नाही, मला हवी आहेस. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं, पण तुझ्या वाटेत नको यायला म्हणून मूग गिळून बसले. आता काय करायचं ते कर."

चिमीने आईकडे पाहिलं. मग बापाकडे, आत्याकडे, नाक पुसणाऱ्या काकांकडे. आणि एकदम तिला हसू फुटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"चौघं एकाच छपराखाली बसता," ती म्हणाली. "एका टेबलावर जेवता. आणि बावीस वर्षांत दीड इंच एकमेकांना सांगता आला नाही तुम्हाला! तुम्हाला असं एकटं सोडून मी जाऊ कशी?"

तिने फोन लावला. "नमस्कार," ती म्हणाली, "मी येऊ शकणार नाही." पलीकडून बहुधा कारण विचारलं असावं. चिमीने क्षणभर विचार केला. "घरात चार माणसं आहेत," ती म्हणाली, "आणि चौघंही फार समजूतदार आहेत."

वहिनींनी पदराने डोळे पुसले, भोंगेवाल्याचा कोट मांडीवर ओढला आणि काखेपासून उसवायला घेतलं.